पत्त्यांची टंचाई आणि जाळ्याचे विभाजन

कचेरीच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि प्रचलित रचनेत असे २५६ पत्ते असले तरी पहिला जाळ्याच्या नावे व शेवटचा सर्वांना उद्देशून दिलेल्या पुकाऱ्यासाठी राखीव असल्याने हाती २५४च उरतात. मोबाइल, प्रिंटर, कॅमेरे, इतकेच नव्हे तर तासाभरासाठी आलेला पाहुणाही त्यांत वाटेकरी होतो, आणि त्याने घेतलेला पत्ता मुदत संपेपर्यंत त्याच्याच नावे अडकून पडतो.

जाळ्याची व्याप्ती ठरविणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५४.० केल्यास पत्ते ५१० होतात खरे. परंतु हाताने पत्ता भरलेल्या एखाद्या प्रिंटरवर हा फेरफार करावयाचा राहिला, तर नव्या अर्ध्यातील संगणकांना तो परके समजतो.

माझ्या मते विस्तारापेक्षा विभाजनच श्रेयस्कर, कारण अफाट जाळ्यात प्रत्येक पुकारा सर्वांच्या कानी पडतो आणि पाहुण्याचा व्हायरसग्रस्त लॅपटॉप थेट हिशेबखात्यापर्यंत पोहोचू शकतो. व्हीलॅनच्या योगे एकाच स्विचवर स्वतंत्र जाळी नांदतात, व त्यांच्यातील दळणवळण फायरवॉलच्या परवानगीनेच चालेल अशी व्यवस्था करता येते. खाजगी वापरासाठी १९९६ साली मुक्रर झालेल्या तीन पट्ट्यांपैकी १० ने आरंभ होणाऱ्या एकट्या पट्टीत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते असल्यामुळे प्रत्येक खात्याला स्वतंत्र २५४ पत्ते देण्यास कसलीच आडकाठी नाही. प्रारंभ मात्र पाहुण्यांच्या जाळ्यापासून करावा.