दारुड्यांची जात नसते

‘त्यांची जातच पिणारी.’ गावोगावच्या पारावर आमच्या वस्त्यांविषयी हे वाक्य आजही सहज बोलले जाते. आता त्याला विज्ञानाचा मुलामा चढू लागला आहे. ‘व्यसन जनुकांतच असते, शास्त्रज्ञच सांगतात ना!’ असे शिकलेले लोकही म्हणतात. तेव्हा शास्त्र नेमके काय सांगते, हे चळवळीतील वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

आधी मेंदू. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली की मेंदूतील ठरावीक भागाला सौम्य वीज मिळे आणि उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राही. दारू आणि तंबाखू याच वाटेने काम करतात. डोपामिन नावाचे रसायन वाढते आणि ‘हे पुन्हा कर’ असा ठसा मेंदूवर उमटतो. रोज पिऊन मेंदू सरावतो, तेवढ्याने भागत नाही; कपाळामागचा ‘थांब’ म्हणणारा भाग दुबळा होतो. म्हणूनच सकाळी लेकराची शपथ घेणारा माणूस संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो. तो खोटारडा नसतो, आजारी असतो.

आता जनुके. जुळी भावंडे आणि दत्तक मुले यांच्या अभ्यासांतून दिसते की, दारूच्या व्यसनाचा धोका माणसागणिक कमी-जास्त असतो आणि या फरकात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. पण दारूचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार लागतो, आणि ती सर्व जातिधर्मांत विखुरलेली आहेत. बापाचे व्यसन मुलासाठी सावधगिरीचा इशारा आहे, जन्मठेप नव्हे.

उरलेला वाटा परिस्थितीचा. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी अनेकांना तिथे हेरॉइनचे व्यसन लागले होते. ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग ठेवला, तेव्हा मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात बहुतेकांचे व्यसन परतले नाही, असे आढळले. परिस्थिती बदलली, माणसे बदलली. आता आमच्याकडे पाहा. युसूफ वडगाव ज्या केज तालुक्यात आहे, तो ऊसतोड मजुरांचा मुलूख. उचल अंगावर घेऊन जोडपी कोयत्यासह कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटेपासून फडात राबून अंग ठणकते. तिथे दारू हाताशी असते, डॉक्टर मात्र लांब. मग दोष रक्ताचा की या पिळवणुकीचा?

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तोच शिक्का आज जनुकांच्या नावाने मारू द्यायचा काय? जन्माने कोणी नीच ठरत नाही, हे तथागतांनी वसलसुत्तात सांगितले. त्यांनीच पाचव्या शीलातून मद्यापासून दूर राहायला शिकवले. दोन्ही गोष्टी एकत्रच घ्यायच्या आहेत.

आजार म्हटला की उपचार हा हक्क होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला शासकीय वा शासन-अनुदानित मानसिक आरोग्य केंद्रात मोफत उपचार मिळाले पाहिजेत; त्यासाठी रेशनकार्डाचा रंग आडवा येऊ शकत नाही. युसूफ वडगावच्या रुग्णाला अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

दोन गोष्टी मात्र करू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडू नका. झटके येऊन, भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटावी. आणि त्याच्या नकळत जेवणात ‘दारू सोडवायची गोळी’ कालवू नका. त्यावर दारू पोटात गेली तर तीच जीवघेणी ठरते.

कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या एका तरी रुग्णाला हात धरून दवाखान्यात न्यावे आणि मोफत उपचार नाकारले तर ते लेखी मागावे. पुढची लढाई लढायला आम्ही वकील मंडळी आहोतच.