भूमिका आणि ओढ : संगणकीय भूमिका-खेळांतील प्रणयाची मांडणी

पुरुषाने स्त्रीच्या मुखाने विरह बोलावा, ह्यात देगलूरच्या श्रोत्यास नवल वाटण्याचे कारण नाही. धुंडामहाराज देगलूरकरांमुळे ज्या गावाचे नाव कीर्तनपरंपरेशी जोडले गेले, तेथे ज्ञानदेवांच्या विरहिण्या व एकनाथांच्या गवळणी पुरुषकंठातून ऐकण्याची सवय जुनी आहे. ह्या प्रकारातील एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावयास हवी. गोपीची ओढ कृष्णाकडे आहे, हे ठरलेले असते. गाणारा बदलला म्हणून ती बदलत नाही. भूमिकेत उतरण्याचे काम गाणाऱ्याचे. भूमिकेने त्याच्या सोयीने वळावयाचे नसते.

संगणकावरील ‘रोल-प्लेइंग गेम’ ह्या प्रकारात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. येथे खेळाडू एका नायकाची वा नायिकेची भूमिका स्वतः घडवितो आणि कथेतील सोबत्यांपैकी एखाद्याशी प्रेमसंबंध जोडू शकतो. प्रेम जुळावयाचे ते आकड्यांनी. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) ह्या खेळात प्रत्येक सोबत्याची मर्जी उणे १०० ते अधिक १०० ह्या मापावर मोजली जाते, अनुकूल उत्तरांनी व भेटवस्तूंनी ती वाढते. प्रेमाची ही जमाखर्चाची वही पाहून हसू येते खरे. परंतु स्थळ पाहताना पगार आणि एकरांची बेरीज करणाऱ्या समाजाने फार हसू नये.

मर्जी कोणाची मिळवावयाची, ह्याला पूर्वी कडक मर्यादा होत्या. ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) मध्ये पुरुष नायकासाठी तीन स्त्रिया आणि स्त्री नायिकेसाठी एकच पुरुष, एवढीच सोय होती. समलिंगी प्रेमास तेथे जागा नव्हती. ‘ड्रॅगन एज २’ने (२०११) दुसरे टोक गाठले. तेथील चार मुख्य प्रणयपात्रे नायक पुरुष असो वा स्त्री, दोघांनाही सारखीच प्राप्य आहेत. वरवर पाहता हे औदार्य वाटते. परंतु अँडर्स ह्या पात्राकडे पाहावे. कार्ल नावाचा मांत्रिक आपला प्रियकर होता, हे तो पुरुष नायकास सांगतो; नायिका स्त्री असल्यास ती गोष्ट त्याच्या तोंडी येतच नाही. म्हणजे समोरच्याचे लिंग पाहून केवळ त्याचे आजचे प्रेम नव्हे, तर त्याचा उघड होणारा भूतकाळही बदलतो. अँडर्सला स्वतःचे असे काय उरले, हा प्रश्न मग अपरिहार्य होतो.

त्याच मालिकेतील ‘इन्क्विझिशन’ (२०१४) ह्या खेळात डोरियन येतो. त्याची ओढ केवळ पुरुषांकडे आहे. ती पालटण्यासाठी त्याच्या पित्याने रक्तजादूचा घाट घातला होता आणि म्हणून तो घर सोडून आला आहे. खेळाडूच्या सोयीप्रमाणे डोरियन वळता, तर पिता-पुत्रांच्या ह्या प्रसंगास आधारच राहिला नसता. नकार देण्याची शक्ती हीच येथे पात्राच्या जिवंतपणाची खूण ठरते.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ओढ निश्चित केली की बहुसंख्यांच्या वाट्याला चार पर्याय आणि अल्पसंख्यांच्या वाट्याला एक, असे पुष्कळदा घडते. प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध आपल्याकडे गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. तथापि तालुक्याच्या गावी मनातील गोष्ट मोकळेपणाने बोलता येणे ही बाब निकालपत्राने सिद्ध होत नाही. अशा तरुणास खेळातील एक पर्याय म्हणजे करमणुकीहून अधिक काही असू शकेल. त्याने ‘पात्राचे सातत्य’ ह्या समीक्षकी तत्त्वासाठी तो का सोडावा?

माझ्या मते हा पेच वाटतो तितका घट्ट नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मधील (२०२३) मुख्य सोबती स्त्री-पुरुष दोघांनाही प्राप्य आहेत, पण त्यांतील गेल ह्या मांत्रिकाचे मिस्ट्रा देवीशी पूर्वी असलेले प्रेम खेळाडूच्या लिंगानुसार बदलत नाही. तो दोघांवरही प्रेम करू शकणारा माणूस आहे, एवढेच. तेव्हा दोष पर्याय खुले ठेवण्यात नसून पात्राचा पूर्वेतिहास लवचीक करण्यात आहे.

‘सायबरपंक २०७७’ (२०२०) ह्याहून सूक्ष्म भेद करतो. तेथे नायकाचा देह आणि आवाज स्वतंत्रपणे निवडता येतात. पॅनम ह्या स्त्रीस पुरुषी देह पुरतो, आवाज कोणताही चालतो; जूडीस मात्र देह व आवाज दोन्ही स्त्रीचे लागतात. पुरुषदेह आणि स्त्रीस्वर ह्यांची जोडी बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) रंगभूमीस नवी नव्हती. प्रेक्षकाची ओढ ह्यांपैकी कशाकडे लागे, देहाकडे, स्वराकडे की भामिनी-रुक्मिणीकडे, ह्याचा विचार आपल्या नाट्यसमीक्षेने ह्या अंगाने अद्याप पुरेसा केलेला नाही.