बालपणीची प्रतिभा, उतारवयाचा डाव

१९२० सालचे एक छायाचित्र बुद्धिबळाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जाते. पटांमागे प्रौढ, दाढीधारी गृहस्थ गंभीर मुद्रेने बसले आहेत आणि त्यांच्यासमोर आठ वर्षांचा एक किरकोळ अंगकाठीचा मुलगा पटावर नजर रोवून उभा आहे. तो एकटा त्या सर्वांशी एकाच वेळी खेळत आहे. हा मुलगा म्हणजे सॅम्युएल रेशेव्हस्की.

बालप्रतिभेच्या कथा आपल्याला आवडतात, पण त्या बहुधा अर्ध्यावरच संपतात. मुलगा मोठा होतो, टाळ्या थांबतात आणि पुढे त्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही. रेशेव्हस्की यांची कथा ऐंशी वर्षे चालली आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच वाचनीय आहे. ज्येष्ठ वाचकांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांनी ती जाणून घ्यावी, असे एक वैद्य म्हणून मला वाटते.

टाळ्यांचे बालपण, शाळेविना

रेशेव्हस्की यांचा जन्म १९११ साली पोलंडमधील ओझोर्कूव्ह या गावी एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. चौथ्या वर्षी ते बुद्धिबळ शिकले. पुढे आईवडील त्यांना घेऊन युरोपातील शहरोशहरी फिरू लागले आणि १९२० साली हे कुटुंब अमेरिकेत पोहोचले. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत या मुलाने वीस जणांशी एकाच वेळी सामना केला. त्यांपैकी एकोणीस डाव त्याने जिंकले व एक बरोबरीत सुटला. १९२२ साली न्यूयॉर्कमधील एका स्पर्धेत त्याने डेव्हिड यानोव्हस्की या नामांकित खेळाडूला हरवले. यानोव्हस्की हे एके काळी जगज्जेतेपदासाठी लढलेले खेळाडू होते.

या कौतुकाची किंमत मात्र मोठी होती. मुलगा शाळेत जात नव्हता आणि घराची मिळकत त्याच्या प्रदर्शनांवर अवलंबून होती. अखेर पालकत्वाची जबाबदारी नीट न पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांना मॅनहॅटनच्या न्यायालयात उभे राहावे लागले. शिकागोचे उद्योगपती ज्युलियस रोझनवाल्ड यांनी पुढाकार घेतला. आधी शिक्षण पूर्ण व्हावे, मग भवितव्याची काळजी आम्ही घेऊ, अशी त्यांची भूमिका होती. १९२४ ते १९३१ अशी सात वर्षे रेशेव्हस्की स्पर्धांपासून दूर राहिले. शिकागो विद्यापीठातून त्यांनी हिशेबशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे हिशेबनीस म्हणून नोकरी करीत संसार चालवला.

ही सात वर्षे वाया गेली, असे त्या काळी अनेकांना वाटले असेल. पण खेळ सोडून देण्याची सोय असणे आणि पुन्हा खेळावेसे वाटणे या दोन्ही गोष्टी त्या मुलाला याच वर्षांत मिळाल्या. नातवंडांना सकाळ-संध्याकाळ बुद्धिबळाच्या वर्गाला पोहोचवणारे आजी-आजोबा आज महाराष्ट्रात घरोघरी आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकल्यावर हा उत्साह आणखी वाढला, आणि तो स्वागतार्हच आहे. फक्त मुलाची झोप, शाळा, मैदान आणि हरण्याची मुभा हिरावली जात नाही ना, एवढे पाहण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांनी अवश्य करावे.

अव्वल खेळाडूंमध्ये स्थान

परतल्यानंतर रेशेव्हस्की थेट जगातील पहिल्या फळीत जाऊन बसले. १९३५ साली इंग्लंडमधील मार्गेट येथे त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवून स्पर्धा जिंकली. १९३६ साली ते प्रथमच अमेरिकेचे विजेते झाले. १९४८ साली हेग व मॉस्को येथे पाच खेळाडूंमध्ये जगज्जेतेपदाची लढत झाली. तीत बोट्विनिक पहिले व स्मिस्लोव्ह दुसरे आले, तर रेशेव्हस्की आणि केरेस यांनी तिसरे स्थान वाटून घेतले. १९५३ साली झ्युरिकच्या स्पर्धेत जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरायचा होता. तेथे स्मिस्लोव्ह यांच्या मागे दुसऱ्या स्थानावर जे तिघे बरोबरीत राहिले, त्यांत हे एक होते.

स्टाइनिट्झपासून कार्पोव्हपर्यंतच्या पहिल्या बारा जगज्जेत्यांपैकी अकरा जणांशी ते प्रत्यक्ष खेळले आणि त्यांपैकी सात जणांना त्यांनी कधी ना कधी हरवले. राहिलेले एक म्हणजे स्टाइनिट्झ, जे रेशेव्हस्की यांच्या जन्माआधीच निवर्तले होते. मात्र ते स्वतः जगज्जेते कधीच झाले नाहीत.

याचे एक कारण स्पष्ट दिसते. त्यांचे सोव्हिएत प्रतिस्पर्धी शासनाच्या पाठबळावर खेळाला वाहून घेतलेले होते. रेशेव्हस्की हे मात्र नोकरी सांभाळून पटावर येणारे गृहस्थ होते. डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींचा पुस्तकी अभ्यास त्यांनी तुलनेने कमी केला. त्यामुळे आरंभीच्या दहा-पंधरा चाली ते पटावर बसूनच शोधीत आणि त्यात घड्याळातील बहुतेक वेळ खर्ची पडे. उरलेल्या चाली मग अक्षरशः काही मिनिटांत उरकाव्या लागत. वेळेच्या या टंचाईसाठी ते जगभर प्रसिद्ध होते.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे साप्ताहिक विश्रांती. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते पटाला हात लावीत नसत. स्पर्धा कितीही मोठी असली तरी आयोजकांना त्यांच्या डावांच्या वेळा बदलाव्या लागत.

उतारवयातील डाव

आता या कथेचा उत्तरार्ध पाहू. १९६१ साली अठरा वर्षांचे बॉबी फिशर आणि एकोणपन्नास वर्षांचे रेशेव्हस्की यांचा सामना झाला. अकरा डावांनंतर दोघांचे गुण समसमान होते. पुढे वेळापत्रकाच्या वादातून फिशर यांनी सामना सोडला. १९६८ साली, छप्पन्नाव्या वर्षी, रेशेव्हस्की पुन्हा एकदा जगज्जेतेपदाच्या पात्रता-फेरीत पोहोचले आणि तेथे कोर्चनॉय यांच्याकडून हरले. १९६९ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ते पुन्हा अमेरिकेचे विजेते ठरले. पहिल्या विजेतेपदाला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती. १९८४ साली, बहात्तराव्या वर्षी, आइसलँडमधील रेक्याविक येथील खुल्या स्पर्धेत त्यांनी आपल्याहून कितीतरी तरुण खेळाडूंसह पहिले स्थान वाटून घेतले. एप्रिल १९९२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बुद्धिबळ खेळल्यामुळे ते दीर्घकाळ तल्लख राहिले, असा निष्कर्ष यावरून काढू नये. एका माणसाचे आयुष्य हा पुरावा होत नाही. पण वृद्धापकाळी मेंदूत काय बदलते आणि काय टिकते, हे समजावून सांगायला त्यांचे उदाहरण फार सोयीचे आहे.

काय मंदावते, काय टिकते

वयानुसार मेंदूचा वेग कमी होतो. नवी माहिती ग्रहण करणे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात धरणे आणि झटपट निर्णय घेणे यांना अधिक वेळ लागू लागतो. हा आजार नव्हे. शब्दसंपत्ती, व्यवसायातील जाण, माणसांची पारख आणि अनेक वर्षांच्या सरावाने अंगी बाणलेले कौशल्य मात्र बराच काळ शाबूत राहते.

बुद्धिबळपटूंवर याचा चांगला अभ्यास झालेला आहे. निपुण खेळाडूला खऱ्या डावातील पट काही सेकंद दाखवला तरी तो बहुतेक सोंगट्या अचूक जागी मांडतो, हे डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रोट यांनी दाखवले. १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी सोंगट्या वाटेल तशा विखरून हाच प्रयोग केला, तेव्हा निपुणांचे हे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती सरसकट अफाट नसते. वर्षानुवर्षे पाहिलेल्या रचना त्यांना ओळखीच्या चेहऱ्यांसारख्या दिसतात, एवढाच फरक असतो. पुढे १९८१ साली नील चार्नेस यांनी सारख्याच दर्जाच्या तरुण व वयस्क खेळाडूंची तुलना केली. वयस्क खेळाडू कमी शक्यता तपासत होते, पण त्यांनी निवडलेली चाल तितकीच चांगली होती.

आपल्या घरातील ज्येष्ठांनाही हेच लागू पडते. बँकेच्या खिडकीपाशी, मोबाइलवर पैसे पाठवताना किंवा डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांची अडचण बहुधा ज्ञानाची नसते. ती घाईची असते. प्रश्न विचारून दहा सेकंद शांत थांबावे आणि वाक्य त्यांच्या तोंडून हिसकावून घेऊ नये. उत्तर पुष्कळदा अचूक येते.

मेंदूसाठी खेळ: किती खरे, किती आशा

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींची अनेक वर्षे पाहणी करून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र खेळल्यामुळे आजार टळला, की आजाराची सुरुवात झालेल्यांनीच खेळणे आधी सोडले, हे अशा पाहणीवरून ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा असतो की, बुद्धिबळ औषध म्हणून खेळू नये, आवडते म्हणून खेळावे. ज्यांना ते आवडत नाही त्यांच्यासाठी पत्ते, कॅरम, शब्दकोडी, पेटीवादन, भजन हे सारे तितकेच चांगले. २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, ऐकू कमी येणे, दृष्टिदोष आणि एकटेपणा ही त्यांतील काही. कानाचे यंत्र कपाटात ठेवून पटावर बसणाऱ्या आजोबांनी आधी यंत्र कानात घालावे, हे उत्तम.

खेळणाऱ्यांसाठी काही सूचना

१. मोबाइलवरचे तीन मिनिटांचे डाव हा वेगाचा खेळ आहे. त्यात सतत हार येऊन मन खट्टू होते. सावकाश खेळायचे डाव निवडावेत आणि शक्यतो समोर माणूस असावा. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय किंवा सोसायटीतील शेजारी यांच्याशी होणाऱ्या गप्पा हाही लाभाचाच भाग आहे.

२. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. सलग बसल्याने पाय सुजतात आणि एकदम उठल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

३. डाव रंगला म्हणून जेवण, पाणी व औषधाची वेळ चुकवू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. खेळता खेळता घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवल्यास रक्तातील साखर उतरली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तपासणी शक्य असल्यास करावी, अन्यथा लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे.

४. रात्री अंथरुणात पडद्यावर खेळू नये. हरलेला डाव झोपेत पिच्छा पुरवतो.

५. आठवड्यातून एक दिवस पटाला सुटी द्यावी. तो दिवस फिरण्याचा, पाहुण्यांचा, नातवंडांचा असावा.

कुटुंबीयांनी काय पाहावे

ब्रिटनमधील एका निवृत्त प्राध्यापकाची हकीकत वैद्यकीय वर्तुळात सांगितली जाते. ते बुद्धिबळाचे शौकीन होते. पूर्वीइतक्या चाली पुढचे आता दिसत नाही, अशी तक्रार घेऊन ते तज्ज्ञांकडे गेले. चाचण्यांत विशेष काही आढळले नाही. काही काळाने अन्य कारणाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मेंदूत अल्झायमरचे बरेच वाढलेले बदल दिसले. तल्लख व सुशिक्षित माणसाचा मेंदू अशी हानी पुष्कळ काळ झाकून ठेवू शकतो. त्यामुळे त्याची तुलना शेजाऱ्याशी करू नये, त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या अवस्थेशी करावी. "मला काहीतरी वेगळे वाटते आहे," असे ज्येष्ठ व्यक्ती स्वतः म्हणत असेल, तर "वय झाले आता," म्हणून ते उडवून लावू नये.

हळूहळू होणारा विसराळूपणा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा बहिरेपणा यांनीही वाढतो आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत. काही तासांत वा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ, वाकडे झालेले तोंड, अडखळणारी वाणी किंवा हातापायांतील अशक्तपणा मात्र तातडीचा समजावा आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीपुढेही पट जरूर मांडावा. घोडा सरळ चालवला तरी चूक दाखवू नये. तेथे डाव जिंकायचा नसतो, सोबत द्यायची असते.

रेशेव्हस्की यांना जगज्जेतेपद मिळाले नाही, म्हणून त्यांच्याकडे अपुरे राहिलेले बालरत्न म्हणून पाहणारे लोक होते. आठव्या वर्षी जो खेळ त्यांच्यावर जवळजवळ लादला गेला होता, तोच बहात्तराव्या वर्षी ते आपल्या आवडीने खेळत होते. मधल्या काळात शिक्षण, नोकरी, संसार आणि विश्रांतीचा दिवस यांना त्यांनी जागा दिली होती. आपल्या घरातील ज्येष्ठांचाही असा एखादा जुना खेळ, छंद वा कौशल्य असेलच. ते कोणते, हे त्यांना आज विचारावे आणि त्यासाठी लागणारा वेळ त्यांना द्यावा.