ओपनरिफाइनमध्ये एक्स्टेन्शन दिसत नाही तेव्हा



बडोद्याच्या जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांना मराठी ओळी जोडण्याचे काम आपल्या मंडळातल्या काही सभासदांनी हाती घेतले आहे, हे आपण जाणताच. लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, सुरसागर, कीर्तिमंदिर यांची छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर आहेत, पण त्यांखालचे वर्णन बहुतेक इंग्रजीत असते, कधी अर्धवट तर कधी चुकीचे. कीर्तिमंदिर हे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला पोरबंदरचे गांधीजींचे स्मारक आठवते. आपले कीर्तिमंदिर म्हणजे गायकवाड घराण्याचे स्मृतिस्थान, ज्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी चित्रे काढली. हा फरक आपण लिहून ठेवला नाही, तर कोण लिहिणार?

शेकडो चित्रांना एकेक करून ओळ लिहिणे जिकिरीचे, म्हणून आम्ही ओपनरिफाइन वापरतो. विस्कळीत याद्या नीट करण्याचे हे मोफत सॉफ्टवेअर. २०१० साली ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने सुरू झाले, मग गूगलकडे जाऊन गूगल रिफाइन झाले आणि २०१२ मध्ये गूगलने हात काढून घेतल्यावर स्वयंसेवकांनी ते ओपनरिफाइन म्हणून पुढे चालवले. ते ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे आपली यादी इंटरनेटवर गेली की काय, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ आणि पुढे ३३३३ दिसते, त्याचा अर्थ प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालू आहे. आपण मुद्दाम कुठे पाठवल्याशिवाय यादी घराबाहेर जात नाही.

३.६ या आवृत्तीपासून ओपनरिफाइनमधून कॉमन्सवरच्या चित्रांची माहिती थेट भरता येते. मात्र एखाद्या वर्गातल्या सगळ्या चित्रांची नावे एका झटक्यात यादीत आणायची असतील, तर 'कॉमन्स एक्स्टेन्शन' हा वेगळा जोड लागतो. गेल्या दोन बैठकांत सर्वांत जास्त वेळ गेला तो या जोडापायी. "टाकले, पण दिसत नाही" ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची. म्हणून हे टिपण.

दिसायला काय हवे, ते आधी सांगतो. नवा प्रोजेक्ट सुरू करताना डाव्या बाजूला माहिती कुठून घ्यायची याचे पर्याय येतात: आपल्या संगणकावरून, वेब पत्त्यावरून, क्लिपबोर्डवरून वगैरे. जोड नीट बसला की त्यांत 'विकिमीडिया कॉमन्स' असा पर्याय वाढतो. प्रत्येक एक्स्टेन्शन असे वेगवेगळ्या ठिकाणी उगवते. कोणाचे बटण वर उजवीकडे येते, कोणाचे रकान्याच्या मेन्यूत लपलेले असते. त्यामुळे "दिसत नाही" म्हणण्यापूर्वी ते कुठे दिसायला हवे, हे त्याच्या माहितीपानावर पाहून घ्यावे. आमच्यातल्या एका भगिनींनी तासभर शोधाशोध केली आणि जोड पहिल्यापासून बसलेलाच होता!

आता चुका. पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे भलतीच झिप उतरवणे. गिटहबवर एक्स्टेन्शनच्या 'रिलीजेस' पानावर दोन-तीन फायली एकाखाली एक असतात. त्यांपैकी 'सोर्स कोड' असे लिहिलेली झिप म्हणजे नुसता कच्चा माल. ती प्रोग्रॅमरांसाठी असते, तिच्यात चालण्याजोगा तयार भाग नसतो. आपल्याला हवी ती एक्स्टेन्शनच्या नावाची, आवृत्तीचा आकडा असलेली झिप. हिरव्या 'कोड' बटणातून उतरते तीही कच्चीच. आठपैकी पाच जणांनी हेच केले होते, आणि त्यांत आम्हीही आलो.

दुसरी गोष्ट जागेची. जोड ठेवायला दोन जागा चालतात. एक प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, 'वेबॲप'च्या आत 'एक्स्टेन्शन्स'. दुसरी वर्कस्पेसमध्ये, म्हणजे जिथे आपले प्रोजेक्ट साठतात तिथे. पहिल्या जागेचा तोटा असा की ओपनरिफाइनची नवी आवृत्ती उतरवली की तिच्या नव्या फोल्डरात जुना जोड नसतो, सगळे पुन्हा करावे लागते. मॅकवर तर ती जागा ॲपच्या पोटात असते, तिथे हात न घातलेलाच बरा. आम्ही सगळ्यांना दुसरी जागा सांगतो.

ही वर्कस्पेस शोधताना विंडोजवाल्यांची दमछाक होते, कारण ती 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असते. तिथे चाचपडत जाऊ नये. ओपनरिफाइनच्या पहिल्या पानावर 'ओपन प्रोजेक्ट' दाबावे. यादीच्या तळाशी 'ब्राउझ वर्कस्पेस डिरेक्टरी' अशी दुव्याची ओळ आहे. ती दाबली की योग्य फोल्डर आपणहून उघडतो. तिथे 'एक्स्टेन्शन्स' नावाचा फोल्डर नसेल तर करावा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरे लहान, शेवटी एस हवाच. झिप आधी उलगडावी. बंद झिप तशीच टाकून काही होत नाही. उलगडल्यावर एक्स्टेन्शनच्या नावाचा एक फोल्डर, त्यात 'मॉड्यूल' आणि त्यात 'एमओडी-आयएनएफ' अशी उतरंड दिसली की समजावे, जमले. काही जण आतला माल थेट 'एक्स्टेन्शन्स'मध्ये सांडतात. मग दुसरे एक्स्टेन्शन टाकताना एका 'मॉड्यूल'वर दुसरा 'मॉड्यूल' पडतो आणि दोन्ही बिघडतात. जुनी आवृत्ती 'असू दे' म्हणून नव्याशेजारी ठेवण्याची आपली काटकसरी सवयही इथे नडते. प्रोग्रॅमला दोन्ही दिसतात आणि कोणती उचलली जाईल, याचा भरवसा राहत नाही. जुनी बाहेर काढावी.

यानंतर प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. ब्राउझरची टॅब मिटून पुन्हा उघडणे म्हणजे पुन्हा सुरू करणे नव्हे. खरा प्रोग्रॅम त्या काळ्या खिडकीत चालू असतो. तिच्यात कंट्रोल आणि सी दाबून तो थांबवावा. कोपऱ्यातल्या फुलीने खिडकी बंद करू नये. ओपनरिफाइन काम साधारण दर पाच मिनिटांनी आणि नीट थांबवल्यावर जतन करते. फुली मारली तर शेवटची काही मिनिटे जाऊ शकतात. पुन्हा सुरू केल्यावरही पान जुनेच वाटले तर कंट्रोल आणि एफ५ दाबून ताजे करावे.

एवढे करूनही जोड आला नाही, तर सुरू होताना त्या काळ्या खिडकीत काय उमटते ते वाचावे. घाबरण्यासारखे पुष्कळ असते, पण आपल्याला एकदोन शब्दच हवेत. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' दिसले तर संगणकावरचा जावा जुना आहे. ओपनरिफाइन ३.७ पासून जावा ११ किंवा त्यापुढचा लागतो. विंडोजवर जावा सोबत घेऊन येणारी प्रतही मिळते, ती घ्यावी म्हणजे हा प्रश्नच मिटतो. 'नो सच मेथड' किंवा 'नो क्लास डेफ फाउंड' दिसले तर एक्स्टेन्शन आणि ओपनरिफाइन यांच्या आवृत्त्या जुळत नसाव्यात, किंवा कच्ची झिप आली असावी. जुनी, कोणी न सांभाळलेली एक्स्टेन्शने नव्या आवृत्तीत चालतीलच असे नाही. त्यांच्यामागे संध्याकाळ घालवू नये.

आता ज्यासाठी हे टिपण तातडीने लिहिले, ते. जोड बसेना म्हणून आपल्या एका तरुण स्वयंसेवकाला कोणीतरी फोनवर सल्ला दिला, "सगळे काढून टाक आणि नव्याने टाक." त्याने प्रोग्रॅम काढला, वर ॲपडेटातला ओपनरिफाइनचा अख्खा फोल्डरही पुसला. तीन संध्याकाळी बसून, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेल्या ओळी त्याच फोल्डरात होत्या. लांबलचक आकडा आणि पुढे 'प्रोजेक्ट' अशा नावाचे जे फोल्डर तिथे दिसतात, तेच आपले काम. प्रोग्रॅम काढला तरी ते जागेवर राहतात, पण वर्कस्पेसच पुसली की काही उरत नाही. त्या आजींनी सांगितलेल्या आठवणी पुन्हा विचारता येतील, पण पहिल्यांदा जशा ओघात आल्या तशा येतील का? काढायचे असेल तर 'एक्स्टेन्शन्स'मधला तेवढाच फोल्डर काढा. आणि हात घालण्यापूर्वी प्रोजेक्ट उघडून 'एक्स्पोर्ट' मेन्यूतून प्रोजेक्ट आर्काइव्ह फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. त्या एका फाइलवरून सगळे काम, केलेल्या बदलांच्या इतिहासासकट, परत उभे राहते.

शेवटी एक सावधगिरी. एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या संगणकावर चालणारा पुरता प्रोग्रॅम. ज्या लॅपटॉपवर सभासदांच्या पत्त्यांची आणि फोन नंबरांची यादी आहे, त्यावर कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली झिप टाकू नका. ओपनरिफाइनच्या अधिकृत संकेतस्थळावर एक्स्टेन्शनांची यादी आहे, तिथूनच मूळ पानावर जा.

ज्यांचे अजून अडले आहे त्यांनी पुढच्या बैठकीला लॅपटॉप, चार्जर आणि काळ्या खिडकीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन यावे. न्यायमंदिराच्या चित्रांपासून सुरुवात करणार आहोत.