एकाचे नाव, आठांचे श्रम

दरवर्षी जुलै महिन्यात फ्रान्समधील रस्त्यांवर जी सायकलशर्यत भरते, ती 'टूर द फ्रान्स' या नावाने जगभर ओळखली जाते. हिला मैदान नाही, कुंपण नाही आणि प्रेक्षकांना तिकीटही नाही. खेड्यातील शेतकरी आपल्या बांधावर खुर्ची टाकून बसतो आणि शर्यतच त्याच्या दारावरून जाते. तीन आठवड्यांत एकवीस टप्पे, मध्ये दोन दिवसांची विश्रांती आणि एकंदर सुमारे ३,४०० किलोमीटरांचे अंतर, असा अलीकडे तिचा विस्तार असतो. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणाऱ्या महामार्गाची आठवण व्हावी इतकी ही मजल, आणि तीही आल्प्स आणि पिरेनीज या दोन पर्वतराजी ओलांडून.

या शर्यतीत एक मोठी विसंगती आहे. तिचा हिशेब एकेका स्वाराच्या नावे मांडला जातो. विजेता एकच असतो आणि पिवळा सदरा त्याच्याच अंगावर चढतो. प्रत्यक्ष काम मात्र आठ-आठ जणांचे संघ करतात, आणि त्यातील सात जण स्वतः जिंकण्यासाठी आलेलेच नसतात. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि ती इतकी वर्षे कशी टिकली, हे ध्यानात घेतल्याखेरीज ही शर्यत नुसती पाहून कळत नाही.

शर्यतीचा जन्म क्रीडाप्रेमातून झाला असे म्हणणे पूर्ण सत्य होणार नाही. १९०० साली पॅरिसमध्ये एक नवे क्रीडादैनिक निघाले आणि 'ल व्हेलो' या प्रस्थापित दैनिकाशी त्याची स्पर्धा सुरू झाली. नामसाधर्म्याबद्दलचा खटला हरल्यामुळे १९०३ च्या प्रारंभी या नव्या पत्रास आपले नाव आखडून नुसते 'लोतो' असे करावे लागले. खप वाढेना. तेव्हा जेओ लफेव्र नावाच्या एका तरुण वार्ताहराने संपादक आंरी देग्रांज यांना देशाला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचविली. वाचकांना रोज नवी उत्कंठा, आणि ती शमविण्यासाठी रोज नवा अंक, असा हा सरळ व्यवहार होता.

१ जुलै १९०३ रोजी पॅरिसनजीकच्या मोंजेरों गावातून साठ स्वार निघाले. टप्पे अवघे सहा होते. पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर असल्यामुळे एकेक टप्पा चारशे किलोमीटरांच्या घरात जाई आणि स्वारांना रात्रीही सायकल हाकावी लागे. पॅरिसला परत पोचले ते एकवीस. त्यांत पहिला आला मॉरिस गारें. धुराड्यांची साफसफाई हा त्याचा पूर्वीचा धंदा. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारास त्याने जवळजवळ तीन तासांनी मागे टाकले. 'लोतो'चा खप वाढला आणि 'ल व्हेलो' पुढील वर्षी बंद पडले. पण यशाबरोबर लबाडीही आली. १९०४ च्या शर्यतीत रस्त्यावर खिळे टाकण्याचे आणि स्वारांवर हल्ले करण्याचे प्रकार घडले, आणि चौकशीअंती गारेंसह पहिल्या चौघांना बाद करून आंरी कॉर्ने या जेमतेम विशीतल्या स्वारास विजेता ठरविण्यात आले.

देग्रांज यांच्या मनात या शर्यतीचे एक कठोर चित्र होते. स्वाराने एकट्याने रस्त्याशी, हवामानाशी आणि स्वतःच्या थकव्याशी झुंजावे. कोणी कोणाला मदत करू नये. या नियमाची परिसीमा १९१३ साली दिसली. पिरेनीजमधील तूरमाले हा घाट २,११५ मीटर उंचीचा. तो उतरताना यूजीन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढील चिमटा मोडला. तो आघाडीच्या स्वारांपैकी होता. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरला आणि सेंत-मारी-द-कांपां या गावी एका लोहाराच्या भट्टीशी पोचला. लोहार मदतीस तयार होता. पण नियमाने ती घेता येत नव्हती आणि शर्यतीचे अधिकारी बाजूला उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापविले, ठोकले आणि चिमटा जोडला. हात मोकळे नसल्यामुळे भाता मात्र एका पोराने हलविला. तेवढ्या मदतीबद्दल त्याच्या खात्यात दंडाची मिनिटे चढली. कित्येक तास गमावूनही त्याने शर्यत पुरी केली आणि सातवा क्रमांक मिळविला. पुढे १९१९ साली, महायुद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत, आघाडीवरील स्वार ओळखू यावा म्हणून पिवळा सदरा सुरू झाला आणि तो अंगावर घालण्याचा पहिला मान याच क्रिस्तोफला मिळाला. सदऱ्याचा हा रंग 'लोतो'च्या कागदाचा रंग होता.

परंतु देग्रांज यांच्या या आदर्शाला एका शत्रूपुढे हार मानावी लागली. तो शत्रू म्हणजे वारा. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या शक्तीचा बहुतांश भाग समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. अशा वेळी दुसऱ्याच्या मागील चाकाशी आपले चाक भिडवून जो चालतो, त्याचे श्रम सुमारे पाव ते तिसरा हिस्सा वाचतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलेल्याचे तर त्याहूनही पुष्कळ अधिक. या घोळक्यास फ्रेंच भाषेत 'पेलोतों' म्हणतात. आकाशातून उडणाऱ्या क्रौंचांच्या रांगेत पुढचा पक्षी थकला की मागे जातो आणि दुसरा त्याची जागा घेतो. रस्त्यावर हेच घडते. वारा बाजूने वाहू लागला की हीच रांग तिरपी होते, आणि जो तिच्या बाहेर पडला त्याला पुन्हा आत शिरणे कठीण जाते.

नियम माणसे करतात; हवेचा नियम कोणाला बदलता येत नाही. म्हणूनच कागदावर एकट्याची असलेली शर्यत रस्त्यावर संघाची झाली. संघनायकाने शक्ती राखून ठेवावी आणि ती घाटात किंवा घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या टप्प्यात खर्च करावी, यासाठी उरलेले सात जण दिवसभर वारा अंगावर घेतात. ते मागे येणाऱ्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात. नायकाचे चाक पंक्चर झाले तर थांबतात आणि त्याला पुन्हा घोळक्यात नेऊन सोडतात. या स्वारांना 'दोमेस्तीक' म्हणजे घरगडी म्हणतात. १९११ साली दुसऱ्यासाठी राबणाऱ्या एका स्वाराला हिणविण्यासाठी देग्रांज यांनीच हा शब्द वापरला होता. त्यातील तुच्छता आज पार झिजून गेली आहे, आणि चांगला घरगडी म्हणून लौकिक असणे ही आता मानाची गोष्ट समजतात.

हा त्याग किती महाग पडतो याचे उदाहरण १९३४ सालचे आहे. त्या काळी राष्ट्रांचे संघ असत. फ्रेंच संघात रने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा होता आणि घाटांत त्याची बरोबरी करणे भल्याभल्यांना कठीण जात होते. पिवळा सदरा मात्र त्याचा नायक आंतोनें मान्य याच्या अंगावर होता. पिरेनीजच्या उतारावर मान्यचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढील चाक काढून दिले आणि दुसरे चाक येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. शर्यत त्याच्यासमोरून निघून गेली. डोळ्यांत पाणी असलेले त्याचे तेव्हाचे छायाचित्र फ्रान्समध्ये घरोघर पोचले. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत सापडला. पुढे गेलेला व्हिएतो ते कळताच उलटा फिरला आणि शर्यतीच्या विरुद्ध दिशेने मागे येऊन त्याने मदत केली. मान्य विजयी झाला. व्हिएतो पाचवा आला. पुढे दीर्घकाळ शर्यतीत उतरूनही व्हिएतोला ती कधीच जिंकता आली नाही. तरीही फ्रेंच माणसाच्या मनात त्याला जे स्थान मिळाले, ते अनेक विजेत्यांना मिळालेले नाही.

शर्यतीच्या हिशेबाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ जोडत जातात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पिवळ्या सदऱ्याचा मानकरी ठरतो. एकत्र पोचलेल्या घोळक्यास एकच वेळ देतात. म्हणून सपाट टप्प्यांवर अंतर फारसे पडत नाही. ते पडते घाटात. तेथे वेग कमी होतो, वाऱ्याचा आडोसा निरुपयोगी ठरतो आणि प्रत्येकाला आपले वजन स्वतःच वर न्यावे लागते. मुंबईहून पुण्यास सायकलींची जी जुनी शर्यत होते, तिच्यात बोरघाट का निर्णायक ठरतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आल्प्समधील आल्प द्युएझ या चढणीवर तर जवळजवळ चौदा किलोमीटरांत एकवीस नागमोडी वळणे आहेत आणि दर शंभर मीटरांस सरासरी आठ मीटरांचा चढ आहे. इतकी वळणे आणि इतके दिवस उलटूनही निर्णय कधी कधी क्षणांवर येऊन ठेपतो. १९८९ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने फ्रान्सच्या लोराँ फिन्याँ याला पॅरिसमध्ये, शेवटच्या दिवशी, केवळ आठ सेकंदांनी हरविले.

गुणवत्तेचे प्रकार अनेक, म्हणून सदरेही अनेक आहेत. वेगाने अंतिम रेषा गाठणाऱ्यांसाठी गुणांवर मिळणारा हिरवा सदरा १९५३ पासून आहे. घाटांच्या राजाचा लाल ठिपक्यांचा आणि तरुण स्वाराचा पांढरा सदरा १९७५ पासून. झाक आंकेतील, एदी मेर्क्स, बेर्नार इनो आणि मिगेल इंदुराइन या चौघांनी पिवळा सदरा पाच-पाच वेळा मिळविला. स्त्रियांची अशी शर्यत पूर्वी काही वर्षे भरून बंद पडली होती. ती २०२२ पासून नव्या स्वरूपात नियमाने भरू लागली.

या वैभवाची काळी बाजू झाकून चालणार नाही. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हेंतू या उघड्या, तापलेल्या डोंगरावर टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य सापडले. १९९८ साली एका संघाच्या मोटारीत सरहद्दीवर निषिद्ध औषधांचा साठा मिळाला आणि त्या संघास शर्यतीतून काढून टाकण्यात आले. पुढे लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ पर्यंतची सात विजेतेपदे २०१२ साली रद्द झाली, आणि त्या सात वर्षांच्या रकान्यांत आज कोणाचेच नाव नाही. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या संघनिष्ठेमुळे स्वार आपले चाक दुसऱ्यास काढून देतो, तीच निष्ठा गुपित राखण्याच्या कामीही आली. नायकासाठी वारा सोसणारे त्याच्यासाठी असत्यही सोसत राहिले. अखेर आर्मस्ट्राँगचे प्रकरण उघडकीस आले, त्यात त्याच्या जुन्या सहकाऱ्यांच्या शपथेवरील साक्षींचा मोठा वाटा होता. निष्ठा हा गुण खरा. पण ती कशासाठी वाहिलेली आहे यावरच तिचे मोल ठरते.

तथापि परस्परसाहाय्याची एक निरपवाद सुंदर रूढीही या रस्त्यांवर आहे. डोंगरातील टप्पा ठरावीक वेळेत पुरा न करणारा स्वार बाद होतो. सपाटीवर विजेसारखे धावणारे भारदस्त देहाचे स्वार घाटात मागे पडतात. मग निरनिराळ्या संघांचे, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक आपण होऊन एकत्र येतात आणि मुदतीचा हिशेब करीत, एका लयीत, एकमेकांना सांभाळून घाट चढतात. या घोळक्याला तेथे गमतीने 'बस' म्हणतात.

सर्वांत शेवटी येणाऱ्यालाही या शर्यतीत नाव आहे. आगगाडीच्या अखेरच्या डब्यामागे जो तांबडा दिवा असतो, त्यावरून त्याला 'लाल कंदील' म्हणतात. हा दिवा दिसला म्हणजे गाडी संपूर्ण आली, मागे एकही डबा सुटून राहिला नाही, अशी स्टेशनातील माणसाची खात्री पटते. शेवटचा स्वारही तेच सांगत असतो. तीन आठवड्यांत पडलेले, आजारी झालेले, मुदतीत न पोचलेले कित्येक जण आधीच घरी गेलेले असतात. तो मात्र पोचलेला असतो, आणि बहुधा त्याने आपला वेळ दुसऱ्या कोणासाठी तरी वारा अडविण्यात खर्च केलेला असतो.

विजेत्यास मिळणारी रोख रक्कम त्याने स्वतःजवळ न ठेवता सहकारी स्वार आणि संघातील कामगार यांच्यात वाटून द्यावी, असा जुना प्रघात आहे. तो कोणत्याही नियमाने लादलेला नाही. देग्रांज यांचे नियमपुस्तक विजय एकट्याचा मानीत राहिले. जिंकणाऱ्यांना मात्र खरे काय ते ठाऊक होते. तांत्रिक हिशेबात जे ऋण कोठेच नोंदले जात नाही, ते ही वाटणी दरवर्षी निमूटपणे फेडीत आली आहे.