मिनी ट्रॅक्टरवरची अवजारपेटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोटाव्हेटर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात: दोन जोड खालच्या लिंकवर, एक टॉप लिंकवर. यातली एखादी लॉकपिन मातीत पडली आणि जवळ दुसरी नसली, की सळईचा तुकडा नाहीतर वाकवलेला खिळा घालून काम पुढे रेटलं जातं. तो खिळा निसटला, की फिरत्या पात्यांचं अवजार एका बाजूने सुटतं. म्हणून जादा पिना, पाने, पक्कड, हातोडी आणि ग्रीसगन ट्रॅक्टरवरच हवी. कंपनीच्या छोट्या पेटीत एवढं सामान मावत नाही. त्यामुळे पत्र्याची पेटी करून बसवणं योग्यच आहे. चुका होतात त्या ती बसवताना, आणि त्यामागे काही पक्के समज असतात.

पहिला समज असा की जिथे जागा दिसेल तिथे पेटी बसवावी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत किंवा सोलापूरच्या डाळिंबात मिनी ट्रॅक्टर घेतला जातो तो त्याच्या कमी रुंदीसाठी. मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेली पेटी तारेला, अँगलला, फांदीला अडकते. पेटी चाकांच्या बाहेरच्या कडेच्या आतच हवी. मागे बसवायची असेल, तर अवजार जोडून हायड्रॉलिक पूर्ण वर उचलून पाहा. जमिनीवर टेकलेल्या रोटाव्हेटरपासून वीतभर लांब दिसणारी पेटी अवजार वर आलं की चेपली जाऊ शकते. पुढे बसवायची असेल, तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून चाक घासत नाही ना ते बघा. रेडिएटरच्या जाळीसमोर पेटी नकोच. हवा अडली की इंजिन तापतं, आणि ते तापतंय हे भर उन्हात रोटाव्हेटर चालू असतानाच कळतं. दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही, हेही पाहायला हवं.

जाड पत्रा म्हणजे मजबूत पेटी, असंही सर्रास ऐकू येतं. हिशेब करून बघू. ४५ सेंमी लांब, २५ रुंद आणि २० उंच पेटीला साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो. ३ मिमी पत्र्यात ती रिकामीच सुमारे १२ किलो भरते. १६ गेजमध्ये, म्हणजे १.६ मिमी पत्र्यात, जेमतेम साडेसहा किलो. आत पाने आणि पिना घातल्यावर आणखी दहा-बारा किलो वाढणार. एवढ्या वजनाने ट्रॅक्टर उलटेल ही भीती खरी नाही, आणि पेटीमुळे चाकांची पकड वाढते हेही खरं नाही. त्यासाठी कंपनीची वजनं वेगळी मिळतात. खरा ताण येतो तो मडगार्डच्या पत्र्यावर. बांधावरून उतरताना बसणारा प्रत्येक हिसका बोल्टच्या भोकापाशी जातो, आणि तिथूनच पत्रा चिरत जातो. मडगार्डलाच पेटी लावायची असेल, तर पत्र्याच्या खालच्या बाजूने ५ मिमीची पट्टी द्या, म्हणजे भार एका भोकावर न राहता पसरतो. मधे रबराची पट्टी आणि खाली नायलॉक नट घाला. साधा नट थरथरीने सैल होतो, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर जास्तच असते.

त्याहून चांगलं म्हणजे चासीवर असलेली रिकामी भोकं वापरणं. मात्र बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच आट्याचा घ्या. हाताने दोन-तीन फेरे सहज गेला तरच पान्याने आवळा, नाहीतर आतले आटे जातात. गिअरबॉक्सचे किंवा ॲक्सलचे मूळ बोल्ट काढून त्याखाली पेटीची पट्टी दाबायची नाही. ते बोल्ट ट्रॅक्टर जोडून ठेवण्यासाठी आहेत.

‘वेल्डिंगच करून टाका, कायमचं काम’ हा सल्ला गॅरेजवर हमखास मिळतो. जोडीला असंही सांगतात, की छोट्या ट्रॅक्टरला कुठे कॉम्प्युटर असतो, बिघडणार काय? अल्टरनेटर मात्र असतो, आणि वेल्डिंगचा करंट त्यातले डायोड जाळू शकतो. अर्थिंगचा चिमटा लांब लावला, तर तोच करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर डाग पाडतो. डिझेलची टाकी आणि नळ्या जवळ असल्या तर धोका आणखी मोठा. वेल्डिंग करायचं ते पेटीवर आणि तिच्या ब्रॅकेटवर, ट्रॅक्टरपासून बाजूला नेऊन. मग पेटी बोल्टने बसवा. उद्या जागा बदलावीशी वाटली, तरी अडचण येणार नाही.

पेटीसाठी तेलाचा जुना कॅन कापून वापरणं वाईट नाही, फक्त उन्हात दोन-तीन वर्षांत तो कडक होऊन तडकतो. सायलेन्सरजवळ तर ठेवूच नका. पेटी कोणतीही असो, तळाला पाणी जायला दोन लहान भोकं पाडा. डिझेलची बाटली तिच्यात नको. बॅटरी शेजारी असेल, तर टर्मिनलवर रबरी टोप्या हव्यातच. पाना आडवा पडला की ठिणगी पडते.

सगळ्यात घातक समज शेवटी सांगतो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. सीटमागची लोखंडी कमान, जिला कंपनीच्या पुस्तकात ‘रॉप्स’ म्हणतात, ती सामान टांगायची चौकट वाटते. चार भोकं पाडली की पेटी छान बसते. पण ट्रॅक्टर उलटला, तर सीटबेल्ट लावलेल्या चालकाभोवती जागा राखणारी तीच एक गोष्ट आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना असं संरक्षण सक्तीचं केलं. पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. ही कमान आहे त्या आकारात, आहे त्या जाडीत तपासलेली असते. भोक पाडलं की तिथे ताण एकवटतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो. दुमडता येणाऱ्या कमानीवर वरच्या भागात पेटी लावली, तर मांडवाखाली जाताना कमान दुमडता येत नाही. म्हणून मग लोक ती काढूनच ठेवतात, आणि ते तर सगळ्यात वाईट. कमानीलाच पेटी लावायची असेल, तर कंपनीचं पुस्तक वाचून, हलक्या पेटीसाठी, बिजागरीच्या खाली यू-क्लॅम्प वापरा.

तुमच्या कमानीला आधीच भोकं पाडलेली असतील, तर ती वेल्डिंगने बुजवू नका. डीलरकडून कमान नवी बसवून घ्या.