गोठणगाव गेटच्या अलीकडचं शेत

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये घोषित झालं. कुही तालुक्यातल्या गोठणगाव गेटवर जिप्सी येतात, सफारी आटोपली की बहुतेक पाहुणे नागपूरच्या वाटेला लागतात. ते गावात जेवायला थांबले, तर पैसा शेतापर्यंत पोचेल. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार 1 एकरवाल्यालाही केंद्र नोंदवता येतं. गोंड कुटुंबाच्या ओसरीवर ताटात लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, भिवापुरी मिरचीचा ठेचा; आणखी काय हवं?

या ताटाला ‘सेंद्रिय’ म्हणवून घेणं मात्र कटकटीचं. पीजीएस या सहभागी हमी पद्धतीत किमान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. शेजारच्या बांधीतून फवारा उडून आला का, तेही बघतो. रूपांतराच्या काळात उत्पन्न घटू शकतं, भाव जुनाच. संस्थेची गरज इथं पडते: कागदपत्रं, बियाणं, गिऱ्हाईक. उदाहरणार्थ, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. त्यांच्या गावरान बियाणे बँकेला ‘बायफ’ या संस्थेची साथ मिळाली; 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली.

पावसाळ्यात सफारी बंद असते. नेमकी तेव्हाच धानाची रोवणी चालते, आणि पाहण्यासारखं (आमच्या मते) तेच असतं.